पोल कुणाचा? आमच्या नगरपरिषदेला एक खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक व मा. मुख्याधिकारी,
आमची नगरपरिषद

प्रत: नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई, आणि असाच ठराव करायच्या बेतात असलेल्या राज्यातल्या सगळ्या पालिका

विषय: शहरातले पथदिव्यांचे सगळे खांब पंधरा वर्षांसाठी एकाच एजन्सीला देण्याच्या ठरावाबाबत

सप्रेम नमस्कार.

शहराचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी आपल्या शहराचं नाव घालून वाचलं तरी फारसं काही बिघडणार नाही.

मी केबलवाली. वडिलांनी १९९४ साली घराच्या गच्चीवर जाळीची मोठी डिश बसवली आणि गल्लीतल्या बावीस घरांना वायर ओढून दिली. सेट टॉप बॉक्स आले, निम्मे गिऱ्हाईक मोबाइलवर सिनेमे बघायला लागले, तेव्हा आम्ही त्याच मार्गावरून फायबर टाकलं. आज इंटरनेटच्या अकराशेच्या आसपास जोडण्या माझ्याकडे आहेत, दोन लाइनमन आहेत, आणि तुटलेलं फायबर जोडायचं एक स्प्लायसिंग मशीन आहे ज्याचा हप्ता अजून फिटायचाय. शिडीवर मी स्वतःही चढते. पालिकेच्या कार्यालयात मात्र मला आजही "ताई, मिस्टरांना पाठवा ना" असं ऐकावं लागतं. मिस्टर शाळेत गणित शिकवतात, त्यांना क्रोन आणि क्लॅम्पमधला फरक माहीत नाही. असो.

पत्राचं कारण हे. सभागृह अस्तित्वात नसताना, प्रशासकीय राजवटीत, एक ठराव झाला. शहरातल्या सगळ्या पथदिव्यांच्या खांबांवर "स्मार्ट उपकरणं" बसवण्याचा हक्क पंधरा वर्षांसाठी एकाच एजन्सीला द्यायचा. निविदेतली उलाढालीची अट इतकी मोठी की जिल्ह्यातल्या एकाही केबलवाल्याला, एकाही इंटरनेट पुरवठादाराला अर्ज भरता येऊ नये. या ठरावाची मला बातमी लागली ती नोटीस बोर्डावरून नाही, झेरॉक्सच्या दुकानात. माझ्या आधी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात त्याच निविदेचे कागद होते.

हे खांब म्हणजे येत्या दहा वर्षांतला शहरातला सगळ्यात मोठा धंदा आहे, असं मी म्हटलं तर सभागृहात काही जण हसतील. म्हणून एक विनंती. मंगळवारी सकाळी अकरा वाजता आठवडी बाजारात या.

तिथे नळाच्या कोपऱ्याशी मेथी-शेपू घेऊन बसणारी एक मावशी आहे. तिच्या टोपल्यात पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा असतो. इतर सहा दिवस तो बोलतो, मंगळवारी मुका होतो. गिऱ्हाईक मोबाइल वर धरून उभं, स्क्रीनवर चक्र फिरतंय, मागे पाच माणसं खोळंबलेली. शेवटी मावशी जुडी हातात देते आणि खडूने टोपलीच्या कडेवर एक रेघ मारते. "काड्या तर पुऱ्या हायेत गं, मग पैसं का जाईना?" हे ती मला विचारते, कारण तिच्या लेखी नेटचं जे काही आहे ते सगळं माझंच.

तिचा प्रश्न बरोबर आहे. काड्या पुऱ्या आहेत, कारण तहसीलच्या मागच्या इमारतीवरचा टॉवर दिसतोय. पण त्या टॉवरच्या वाट्याला आलेल्या लहरी ठरावीक, आणि मंगळवारी तालुक्याची निम्मी माणसं त्याच लहरींवर. एका टाकीला शंभर नळ जोडले तर तोटी सगळ्यांकडे असते, पाणी कुणालाच पुरत नाही, तसंच. टॉवर आणखी उंच करून हे दुखणं जात नाही. त्याला उपाय लहान सेल: शाळेच्या दप्तराएवढा डबा, खांबावर बसवायचा, कमी ताकदीचा, शे-दोनशे मीटरपुरता. त्याच लहरी एका डब्याने इथे वापरायच्या, त्याच पुढच्या चौकातल्या डब्याने पुन्हा वापरायच्या. फाइव्ह-जीला तर हे जास्तच लागतं. २०२२च्या लिलावात विकला गेलेला ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा भिंतींपुढे लवकर दमतो, आणि २६ गिगाहर्ट्झच्या लहरींना तर झाडाची दाट पानंसुद्धा आडवी येतात.

यात माझ्यासारखीचा धंदा कुठे, हेही सरळ सांगते. डब्यातून निघणारी लहर मोबाइल कंपनीची. ती सोडायचा परवाना माझ्याकडे नाही, मला तो नकोही. पण डब्याला उभं राहायला जागा लागते, चोवीस तास वीज लागते, मागून येणारं फायबर लागतं, आणि पावसात रात्री दोन वाजता बंद पडला तर जाऊन बघणारं माणूस लागतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आमच्याकडे आजच आहेत. बाजारपेठेत असा एकही चौक नाही जिथे आमचं फायबर वीस-पंचवीस मीटरच्या आत नाही. केंद्र सरकारची एक नोंदणी आहे, आयपी-वन म्हणतात. ती असलेल्या कंपनीला डक्ट (वायरीसाठीच्या नळ्या), टॉवर आणि न पेटवलेलं, म्हणजे नुसतं टाकून ठेवलेलं फायबर परवानाधारक कंपन्यांना भाड्याने देता येतं. आम्ही तीन केबलवाल्यांनी मिळून त्यासाठीच छोटी कंपनी काढली. याच्या पुढची पायरी म्हणजे एकाच डब्यातून दोन-तीन मोबाइल कंपन्यांची सेवा, म्हणजे खांबावर तीन डब्यांऐवजी एक. अशा पुरवठादारांसाठी वेगळ्या परवान्याची शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑगस्ट २०२३मध्ये केलेली आहे. शिवाय खांबांपुरतंच हे नाही: रुग्णालयाचं तळघर, मंगल कार्यालय, एमआयडीसीतली पत्र्याची शेड, जिथे जिथे फोन हातात धरून माणूस दाराबाहेर येतो, तिथे तिथे हे काम आहे.

आता कुणी विचारेल, आणि माझ्या भावाने विचारलंच, की मोबाइल कंपन्यांना मदत करून तू आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतेस? २०२३पासून त्याच कंपन्या घरगुती इंटरनेट हवेतून देतायत आणि माझी गिऱ्हाइकं नेतायत. खरं आहे. गेल्या दिवाळीपासून साठ-पासष्ट जोडण्या गेल्या. पण डबे आज ना उद्या येणारच. त्यांच्या मागचं फायबर गावातल्या माणसांचं असेल की जिल्ह्याबाहेरच्या एजन्सीचं, एवढंच ठरायचं बाकी आहे, आणि ते तुम्ही पंधरा वर्षांसाठी ठरवायला निघालात.

माझ्या तक्रारी क्रमाने मांडते.

पहिली तक्रार मक्तेदारीची. दूरसंचार कायदा, २०२३ सांगतो की सार्वजनिक जागेवरून जाळं नेण्याचा हक्क भेदभाव न करता, आणि शक्य तिथवर कुणा एकालाच न देता द्यायचा. "शक्य तिथवर" या दोन शब्दांत वकील काय काय बसवतील ते मला कळतं. पण सगळे खांब, सगळे प्रभाग आणि पंधरा वर्षं, यात शक्यतेचा प्रयत्न तरी कुठे दिसतो?

दुसरी पैशाची, आणि इथे मुख्याधिकाऱ्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. ऑगस्ट २०२२मध्ये जाळं नेण्याच्या हक्काच्या नियमांत दुरुस्ती करून केंद्राने लहान सेलसाठी रस्त्यावरच्या खांबाचा दर ठरवला: शहरी भागात एका खांबाला वर्षाला ३०० रुपये, ग्रामीण भागात १५०. नुसती वायर न्यायची असेल तर १००. बाजारपेठेतल्या चाळीस खांबांवर डबे बसले तरी पालिकेला मिळणार बारा हजार. एवढ्यात खांबांना एक रंगाचा हातही व्हायचा नाही. त्यापेक्षा एजन्सी एकरकमी पैसे देतेय, वर कॅमेरे देतेय, हे आकर्षण मी समजू शकते. दर वाढवून मागायचा असेल तर राज्यातल्या सगळ्या पालिकांनी मिळून जरूर मागा, सही करायला मी येईन. पण एजन्सी ते पैसे कुठून काढणार? मोबाइल कंपन्यांकडून. आणि त्यांच्या लेखी आपलं शहर म्हणजे पुणे नव्हे. हिंजवडीत त्या जास्त भाडं देतील, कारण तिथे गिऱ्हाईक तसं आहे. आपल्याकडे प्रवेशालाच पैसे मोजावे लागले तर त्या येणारच नाहीत, एजन्सी खांबांवर जाहिरातींचे फलक लावून वसुली करेल, आणि मावशीची टोपली खडूच्या रेघांनी भरत राहील.

ही भांडणं इतरांनीही केलीत. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने सप्टेंबर २०१८मध्ये सांगितलं, एका लहान सेलला वर्षाला २७० डॉलरपर्यंतची फी वाजवी. खांब आधीचा असेल तर ६० दिवसांत निर्णय द्या, नवा उभारायचा असेल तर ९० दिवसांत. शहरं कोर्टात गेली. २०२०मध्ये अपील कोर्टाने फी आणि मुदत दोन्ही कायम ठेवली. युरोपीय संघाने त्याच वर्षी ३० लिटरपर्यंतच्या आकाराच्या, ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या डब्यांना बांधकामासारख्या परवानगीतूनच सूट दिली. तीस लिटर म्हणजे मोठ्या दोन बादल्या. आपल्याकडेही ट्रायने २०२२मध्ये भोपाळ स्मार्ट सिटी, बंगळुरूची मेट्रो, दिल्लीचा विमानतळ आणि कांडल्याचं बंदर इथे खांबांवर प्रत्यक्ष बसवून पाहिलं आणि त्याच नोव्हेंबरात शिफारशी दिल्या. तेव्हा "हे सगळं नवीन आहे, अभ्यास करावा लागेल" हे उत्तर कृपा करून देऊ नका.

तिसरी तक्रार माझी स्वतःची. गेल्या वर्षी मी बाजारपेठेतल्या चौदा खांबांसाठी अर्ज दिला. नकाशा जोडला, खांबांचे क्रमांक लिहिले, फोटो लावले. आवक क्रमांक मिळाला, त्यानंतर सात महिने काही नाही. २०१६च्या केंद्राच्या नियमांपासून तत्त्व आहे की ठरलेल्या मुदतीत, तेव्हा ती साठ दिवस होती, उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. १ जानेवारी २०२५पासून नवे नियम लागू झाले, त्यातही हे तत्त्व आहे. मग मी ते धरून शिडी लावायची का? लावली असती तर दुसऱ्या दिवशी शिडीच जप्त झाली असती.

या सात महिन्यांत मी एकच प्रश्न घेऊन फिरले: पोल कुणाचा? विद्युत विभाग म्हणाला, दिवा आमचा, पोल वीज कंपनीचा. वीज कंपनीचा साहेब म्हणाला, तारा आमच्या, हा पोल पालिकेने उभारलाय. नगररचनेतले भाऊसाहेब म्हणाले, रस्ताच बांधकाम खात्याकडे आहे. मी बाजारातल्या त्या पोलपाशी जाऊन बघितलं. वरच्या बाजूला पिवळ्या पट्टीवर एक क्रमांक, खाली पांढऱ्या रंगात दुसरा, आणि बुडाशी गंजून हाताची बोटं जातील एवढं भोक. त्यावर पंधरा किलोचा डबा बसवला तर पुढच्या वळवात तो कुणाच्या तरी टपरीवर येईल. म्हणजे माझ्या अर्जाला "हे चौदा पोल भार घेण्यालायक नाहीत" असं उत्तर आलं असतं तरी मी मान्य केलं असतं. पण तसं सांगायला आधी कुणीतरी ते बघायला हवेत. जे खांब कुणाचे आहेत हेच ठाऊक नाही, ते पंधरा वर्षांसाठी दिले तरी कसे?

आणखी एक गोष्ट निविदा लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. पथदिव्यांची लाइन टायमरवर आहे. संध्याकाळी साडेसहाला वीज येते, पहाटे सहाला जाते. लहान सेलला वीज लागते ती भर दुपारी, बाजारात गर्दी असताना. दिवसा मेलेल्या तारेवर तो चालायचा कसा? त्याला दिवसा जिवंत असणारी वेगळी तार लागेल, मीटर लागेल, त्याचं बिल कुणी भरायचं ते ठरवावं लागेल. त्रेचाळीस पानांच्या त्या कागदांत यावर एक ओळ नाही. शिडीवर चढणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर पहिल्या चहात सांगितलं असतं.

चौथी, वायरी तोडण्याची. मोठ्या माणसाचा दौरा होता म्हणून पालिकेच्या माणसांनी रात्री मुख्य रस्त्यावरच्या सगळ्या केबल कापल्या. नोटीस नाही, फोन नाही. सकाळी दोनशे तीस घरं बंद. त्यातल्या एका घरातल्या मुलीच्या प्रवेश अर्जाचा तो शेवटचा दिवस. ती माझ्या ऑफिसात येऊन माझ्या कॉम्प्युटरवर अर्ज भरून गेली. आम्ही तिघे दिवसभर भर रस्त्यात छत्रीखाली बसून स्प्लायसिंग करत होतो. खांबावरची ती जुडगी बघवत नाहीत हे मी नाकारत नाही, मेलेल्या वायरी कुणी काढून नेत नाही हे आम्हा केबलवाल्यांचंच पाप आहे. काढू. आठ दिवस आधी सांगा. आणि गटारासाठी रस्ता खोदताना जमिनीखालचं फायबर तोडणाऱ्या ठेकेदाराला "कॉल बिफोर यू डिग" नावाचं केंद्राचं अॅप मार्च २०२३पासून आहे एवढं तरी कळवा. जेसीबीचा दात एकदा फायबरला लागला की मला आठ-दहा हजारांचा खड्डा.

किरणांच्या भीतीबद्दल थोडक्यात. दोन प्रभागांतून निवेदनं आली आहेत आणि पालिका ती ढालीसारखी पुढे करते. १ सप्टेंबर २०१२पासून भारतात मोबाइल टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. डबा जवळ असला की कानाशी धरलेला फोनही कमी जोर लावतो, दूरच्या टॉवरशी बोलायला तो जास्त जोर लावतो. तरीही लोकांना शंका असेल तर मोजमाप करून आकडे चौकात लावावेत. लोकांनी विचारणं चूक नाही, उत्तर न देणं चूक आहे.

मागण्या अशा.

तो ठराव नव्या सभागृहापुढे ठेवा. डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनंतर आता सभागृह आहे. त्यात चर्चा होऊ दे, प्रेक्षक गॅलरी उघडी ठेवून. खांबांचा एकहाती हक्क ठरावातून काढा. कॅमेऱ्यांचं काम एजन्सीला द्यायचं तर खुशाल द्या, लहान सेल आणि फायबरसाठी खांब केंद्राच्या दराने सगळ्यांना खुले ठेवा.

वीज कंपनी आणि बांधकाम खात्याबरोबर एकदा बसून खांबांची यादी करा: क्रमांक, मालक, वय, भार घेईल की नाही. ती पालिकेच्या संकेतस्थळावर टाका. आयटीआयची पोरं मदतीला द्या, मोजणीला आमचे लाइनमन आम्ही फुकट देतो.

अर्ज एकाच टेबलवर घ्या आणि मुदतीत लेखी उत्तर द्या. नकार असला तरी चालेल, कारण लिहा.

बाजारपेठेतले वीस खांब सहा महिन्यांसाठी चाचणीला द्या, दिवसाच्या विजेसकट. स्थानिक पुरवठादार, मोबाइल कंपन्या आणि हवी असेल तर तीच एजन्सी, सगळ्यांना समान अटींवर. मंगळवारी किती व्यवहार अडकले आणि किती झाले हे व्यापारी संघटनेकडून मोजून घ्या, ते आकडे बघून मग पंधरा वर्षांचं बोला.

आणि माझ्या चौदा खांबांच्या अर्जाचं काय झालं ते कळवा. आवक क्रमांकाची झेरॉक्स सोबत पुन्हा जोडली आहे, ही पाचवी.

येत्या मंगळवारी अकरा ते एक मी नळाच्या कोपऱ्यावरच्या त्या गंजक्या पोलखाली उभी आहे. शिडी आणलेली असेल. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, विद्युत विभाग, ज्यांना जमेल त्यांनी यावं. येताना पाकीट घरी ठेवा आणि मावशीकडून दहा रुपयांची मेथी मोबाइलवर घेऊन दाखवा.

आपली,
एक केबल आणि इंटरनेटवाली